एका किलोमीटरला एक गुण

क्रिकेटमध्ये धावा मोजतात, कबड्डीत बाद झालेले गडी मोजतात, लांब उडीत मीटर मोजतात. पण दोन माणसे एकमेकांशी किती लांबून बोलली, ते अंतर मोजून गुण देणारा खेळ तुम्ही ऐकला आहे का? असा खेळ आहे. त्यात मैदान असते एखादा डोंगर, साधन असते एरियल, आणि पंच असते पृथ्वीभोवतीची हवा. हा पंच मोठा लहरी आहे. कधी तो चाळीस किलोमीटरवरच्या माणसालाही तुमचा आवाज ऐकू देत नाही, तर कधी हजार किलोमीटरवरचा आवाज कानाशी आणून सोडतो.

हा खेळ हौशी रेडिओवाल्यांचा. त्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवायचा, स्वतःचा प्रक्षेपक आणि ग्राही बाळगायचा आणि त्यावरून दुसऱ्या हॅमशी बोलायचे, हा त्यांचा छंद. त्यातून पैसा मिळवायला मनाई असते. प्रत्येक हॅमला सरकारकडून एक संकेतनाम मिळते. आपल्याकडची बहुतेक संकेतनामे ‘व्ही. यू.’ या अक्षरांनी सुरू होतात, जर्मनीतली ‘डी’ने, तर फ्रान्समधली ‘एफ’ने. आवाज ऐकताक्षणी माणूस कोणत्या देशातला ते कळते.

हॅम लोकांना लघुलहरींवर, म्हणजे साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या दरम्यान, पुण्यातून ब्राझीलशी बोलता येते, हे तुम्ही वाचले असेल. त्या लहरी वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावर, म्हणजे आयनांबरावर आपटून खाली येतात. पण ३० मेगाहर्ट्झच्या वर, ज्याला व्ही.एच.एफ. म्हणतात त्या पट्ट्यात, हे छप्पर सहसा कामी येत नाही. लहरी त्यातून आरपार जातात आणि अवकाशात हरवतात. मग इथे लांबचे बोलणे व्हायचे कसे? ‘आपली नजर पोहोचते तिथपर्यंतच,’ असे पाठ्यपुस्तकातले उत्तर आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. ते किती अपुरे आहे, हे मला एका डोंगरावर एका रात्रीत कळले.

युरोपात दरवर्षी सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एक मोठी स्पर्धा असते. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाने जगाचे तीन विभाग पाडले आहेत. पहिल्या विभागात युरोप आणि आफ्रिका येतात, तर आपण तिसऱ्यात. ही स्पर्धा पहिल्या विभागाची. ती शनिवारी जागतिक वेळेनुसार १४ वाजता सुरू होते, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, आणि बरोबर चोवीस तासांनी संपते. २०१८ साली मी कामानिमित्त जर्मनीत होतो. तिथल्या ओळखीच्या काही हॅम मंडळींनी विचारले, “येता का डोंगरावर?” भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला असे विचारल्यावर तो नाही म्हणेल का? मी पुण्याहून नेलेला चिवड्याचा डबा पिशवीत टाकला आणि निघालो.

पत्ता सहा अक्षरांचा

नियम सोपे आहेत. प्रत्येक स्थानकाशी एकदाच बोलायचे. बोलण्यात तीन गोष्टींची देवघेव झालीच पाहिजे. तुमचा आवाज मला कसा ऐकू येतो याचा दोन अंकी शेरा, संपर्काचा अनुक्रमांक (पहिल्याला ००१, दुसऱ्याला ००२ याप्रमाणे), आणि आपण कुठे आहोत तो पत्ता. या तिन्ही गोष्टी दोघांनी ऐकल्या आणि ऐकल्याचे एकमेकांना कळवले, की संपर्क पुरा झाला. मग दोन ठिकाणांमधले अंतर काढायचे. एका किलोमीटरला एक गुण. मध्ये कोणा मध्यस्थ पुनःप्रक्षेपकाची मदत घेतलेली चालत नाही.

पण चालू बोलण्यात पत्ता सांगायचा कसा? ‘अमुक गावाच्या पश्चिमेला तमुक टेकडी’ असे सांगत बसले तर रात्र तिथेच सरायची. अक्षांश-रेखांश सांगावेत तर आकडे फार. यावर १९८० साली इंग्लंडमधल्या मेडनहेड या गावी भरलेल्या बैठकीत एक सुरेख तोड निघाली. सगळ्या पृथ्वीवर चौकटी आखायच्या. रेखांशाचे २० अंश आणि अक्षांशाचे १० अंश मिळून एक मोठी चौकट. तिला रोमन लिपीतली दोन अक्षरे. तिच्या आत १०० लहान चौकटी, त्यांना दोन अंक. त्यांच्याही आत ५७६ चिमुकल्या चौकटी, त्यांना पुन्हा दोन अक्षरे. झाला सहा अक्षरांचा पत्ता!

आपण पुण्याचा पत्ता काढून पाहू. कागद-पेन्सिल घ्या. पुणे साधारण ७३ अंश ५२ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. मोजणी १८० अंश पश्चिमेपासून सुरू होते, म्हणून त्यात १८० मिळवा. झाले २५३ अंश ५२ मिनिटे. याला २० ने भागा. भाग १२ वेळा जातो. ए म्हणजे शून्य, बी म्हणजे एक असे मोजत गेलात की १२ ला येतो ‘एम’. बाकी उरली १३ अंश ५२ मिनिटे. तिला २ ने भागले की ६. उरली १ अंश ५२ मिनिटे, म्हणजे ११२ मिनिटे. ५ ने भागले की २२, म्हणजे ‘डब्ल्यू’. आता अक्षांश १८ अंश ३१ मिनिटे. यात ९० मिळवून १० ने भागा, की १० म्हणजे ‘के’ येईल. उरलेल्या ८ अंश ३१ मिनिटांतून ८ हा अंक मिळतो. शेवटच्या ३१ मिनिटांना अडीचने भागले की १२, म्हणजे पुन्हा ‘एम’. अक्षरे एकाआड एक मांडली की पुण्याचा पत्ता झाला ‘एम के ६ ८ डब्ल्यू एम’. पुण्याजवळ ही चिमुकली चौकट पूर्व-पश्चिम पावणेनऊ किलोमीटर आणि दक्षिणोत्तर साडेचार किलोमीटरच्या आसपास भरते. नागपूर, कोल्हापूर, पणजी, जिथे तुम्ही असाल त्या गावाचा पत्ता तुम्हीच काढा. नकाशाच्या पुस्तकात लागणारे सगळे आकडे आहेत.

दोन पत्ते मिळाले की पृथ्वीच्या गोलावरून त्यांच्यातला सर्वांत जवळचा मार्ग किती अंशांचा, ते त्रिकोणमितीने काढतात आणि त्याला १११.२ ने गुणतात. हा आकडा नियमात ठरवूनच दिला आहे, म्हणजे दोघांच्या हिशेबात फरक पडायला नको.

डोंगरावर कशासाठी?

आमची टेकडी मध्य जर्मनीतल्या हार्झ डोंगररांगेत होती. उंची सुमारे ६०० मीटर. समोर ब्रोकेनचे ११४१ मीटर उंचीचे शिखर दिसत होते, ज्यावर १९३० च्या दशकातच दूरचित्रवाणीचा मनोरा उभा राहिला होता. शनिवारी सकाळपासून मंडळी कामाला लागली होती. तंबू, डिझेलवर चालणारा जनित्र, केबलींची वेटोळी, आणि ताणदोऱ्यांनी उभा केलेला दहा मीटरचा डोलखांब.

उंचीचा एवढा सोस कशासाठी? समुद्रकिनाऱ्यावर उभे राहिलात तर क्षितिज फार दूर नसते. वर चढत जाल तसे ते मागे सरते. पायथागोरसचा सिद्धान्त वापरून तुम्हाला दाखवता येईल, की क्षितिजाचे किलोमीटरमधले अंतर म्हणजे मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ गुणिले ३.५७. हे झाले नुसत्या भूमितीचे क्षितिज. रेडिओलहरींचे क्षितिज याहून थोडे दूर असते. कारण हवा वर विरळ होत जाते आणि तिचा वक्रीभवनांक कमी होत जातो. जमिनीलगत तो असतो जेमतेम १.०००३. एवढ्याशा फरकानेही आडवी निघालेली लहर किंचित खाली वाकते आणि पृथ्वीच्या गोलाईला थोडीशी साथ देते. म्हणून ३.५७ च्या जागी ४.१२ घ्यायचे.

तुमच्या शाळेची गच्ची १६ मीटर उंच असेल, तर वर्गमूळ ४, म्हणून तिचे रेडिओ-क्षितिज साडेसोळा किलोमीटर. आमच्या जर्मन टेकडीचे १०१ किलोमीटर. आणि आपले कळसूबाई? १६४६ मीटरचे वर्गमूळ सुमारे साडेचाळीस, म्हणून १६७ किलोमीटर! समोरच्यालाही उंची असेल तर त्याचे क्षितिज यात मिळवायचे. सह्याद्रीच्या रांगेवर राहून आपण डोंगरांचा उपयोग फक्त ट्रेकिंगसाठी करतो, याची मला राहून राहून खंत वाटते.

डोलखांबावर यागी-उडा जातीचे एरियल चढवले होते. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठातल्या शिंतारो उडा आणि हिदेत्सुगू यागी यांनी १९२६ साली हे जगापुढे मांडले. तुम्ही ते पाहिले आहे. जुन्या घरांच्या कौलांवर दूरदर्शनचे माशाच्या सांगाड्यासारखे दिसणारे एरियल असायचे, तेच हे. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३०० भागिले १४५, म्हणजे जवळजवळ २ मीटर. म्हणून प्रत्येक आडवी कांडी साधारण मीटरभर. एक कांडी लहर सोडते, तिच्या मागची थोडी लांब कांडी तिला पुढे ढकलते आणि पुढच्या आखूड कांड्या तिला एका दिशेला गोळा करतात. उघड्या दिव्यामागे आरसा आणि पुढे भिंग बसवावे तसे. मात्र दिवा ज्या दिशेला वळवाल तिकडेच उजेड पडणार, म्हणून एरियल फिरवायला मोटर लागते आणि ते या क्षणी कुठे तोंड करून आहे हे दाखवणारी तबकडी टेबलावर ठेवावी लागते. ही तबकडी लक्षात ठेवा. पुढे तिने माझी अब्रू वाचवली.

आणखी एक गोष्ट विचारण्यासारखी होती, ती मी विचारली. हातात धरायच्या छोट्या संचांवर हॅम लोक एफ.एम. पद्धतीने बोलतात. मग इथे एकपट्टी पद्धत कशासाठी? उत्तर मिळाले, “खिडकी लहान ठेवण्यासाठी.” घराची खिडकी जितकी सताड उघडाल, तितका रस्त्यावरचा गोंगाट आत येणार. एफ.एम.च्या बोलण्याला बारा किलोहर्ट्झ किंवा अधिक रुंद खिडकी लागते, तर एकपट्टीला अडीच किलोहर्ट्झ पुरते. सर्व वस्तूंमधल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य हालचालीमुळे एक खरखर नेहमीच चालू असते. खिडकी पाचपट लहान झाली की ही खरखरही पाचपट कमी होते. क्षीण आवाज ऐकायचा तर आवाज वाढवण्याआधी गोंगाट कमी करावा, हे त्यांचे तत्त्व.

विमानाच्या पोटावरून

मी परदेशी पाहुणा, म्हणून माझ्याकडे नोंदीचे काम आले. बोलणारा बोलेल, मी संगणकात संकेतनाम, शेरा, क्रमांक आणि पत्ता भरायचा. चार वाजता (तिथली घड्याळे उन्हाळ्यात जागतिक वेळेच्या दोन तास पुढे असतात) जो कल्लोळ सुरू झाला, तो अंधार पडेपर्यंत थांबला नाही. डेन्मार्क, नेदरलँड्स, झेक प्रजासत्ताक, पोलंड. दोनशे, तीनशे, चारशे किलोमीटर. मी मनात हिशेब करत होतो. क्षितिज १०१ किलोमीटर, समोरच्याचेही समजा तेवढेच. मग चारशे कसे?

हा प्रश्न नवा नाही. १९३२ साली मार्कोनीने इटलीतल्या रोका दि पापा या डोंगरगावाहून ५७ सेंटिमीटरच्या लहरी सोडल्या आणि त्या समुद्रापलीकडे सार्डिनियात २६९ किलोमीटरवर ऐकल्या. हे अंतर त्या दोन जागांच्या क्षितिजांच्या बेरजेच्या बरेच बाहेर होते. आज आपल्याला याचे कारण ठाऊक आहे. हवा काचेसारखी एकजिनसी नसते. तिच्यात कमीजास्त उष्ण, कमीजास्त दमट अशा असंख्य गुठळ्या घोळत असतात. अंधारात विजेरीचा झोत आकाशाकडे टाकला की धुळीमुळे तो बाजूनेही दिसतो ना? तसेच या गुठळ्यांमुळे रेडिओझोताचा अगदी थोडा अंश इकडेतिकडे उधळतो. याला प्रकीर्णन म्हणतात. दोन स्थानकांचे झोत क्षितिजाच्या वर जिथे एकमेकांना छेदतात, तिथल्या हवेतून हा अंश खाली झिरपतो. तो अब्जांशाहूनही लहान असतो, पण चांगले एरियल आणि लहान खिडकी असेल तर पुरतो. स्पर्धेचे बहुतेक गुण असे झिरपून येतात. मध्य युरोपातली मोठी पथके चोवीस तासांत हजाराच्या आसपास संपर्क करतात. आमचे पथक त्या मानाने लहान होते.

रात्री अकराच्या सुमारास एरियल आग्नेयेला वळवले. खरखरीत एक हंगेरियन संकेतनाम उमटल्यासारखे वाटले आणि बुडाले. बोलणाऱ्याने डोळे मिटले, मीही मिटले. शेजारच्या तरुणाने मात्र दुसऱ्या पडद्याकडे पाहिले. त्यावर आकाशातली प्रवासी विमाने ठिपक्यांनी दिसत होती. विमाने आपापली जागा १०९० मेगाहर्ट्झवर स्वतःच कळवत असतात, ती ऐकून हा नकाशा बनतो. “चार मिनिटांनी,” तो म्हणाला.

आता आपले सूत्र पुन्हा काढा. विमान १०,००० मीटरवर असेल तर वर्गमूळ १००, म्हणून त्याचे क्षितिज ४१२ किलोमीटर. त्याच्या दोन्ही बाजूंना ४१२ किलोमीटरवर उभी असलेली दोन माणसे एकमेकांना दिसत नाहीत, पण विमान दोघांनाही दिसते. म्हणजे ८२४ किलोमीटरपर्यंतचा संपर्क विमानाच्या धातूच्या पोटावरून उसळी मारून होऊ शकतो. आत झोपलेल्या प्रवाशांना याची गंधवार्ताही नसते! मात्र विमान ताशी आठ-नऊशे किलोमीटरने धावत असते. योग्य जागी ते मिनिटभर टिकते, फार तर दोन मिनिटे.

चौथ्या मिनिटाला आवाज आला. विहिरीतून कोणी बोलत वर चढत यावे तसा. संकेतनाम, शेरा, क्रमांक, पत्ता. आमच्याकडून तेच. त्याच्याकडून पोच. पुन्हा खरखर. सगळे पन्नास सेकंदांत आटोपले. मी पत्ता भरला आणि पडद्यावर अंतर आले, ८४० किलोमीटर. आतापर्यंतचे सर्वांत लांब! मी मोठ्या अभिमानाने आकडा वाचून दाखवला.

बोलणारा आकड्याकडे पाहीना. तो तबकडीकडे पाहत होता. अंतराच्या शेजारी संगणकाने दिशाही छापली होती, ईशान्य. तबकडी म्हणत होती, आग्नेय. “ईशान्येला तोंड नसताना ईशान्येचा माणूस एवढा चांगला कसा ऐकू येईल?” त्याने विचारले. माझ्याच वर्गात मी विचारावा असा प्रश्न! संध्याकाळभर उत्तरेकडच्या स्थानकांचे पत्ते भरून माझ्या बोटांना ‘जे ओ’ची सवय लागली होती. हंगेरीचा पत्ता ‘जे एन’ने सुरू होतो. एका अक्षराच्या चुकीने मी बुडापेस्टजवळच्या माणसाला उचलून बाल्टिक समुद्रातल्या गॉटलंड बेटाजवळ नेऊन ठेवले होते. अक्षर बदलले, अंतर झाले ७६० किलोमीटर आणि दिशा जुळली.

ऐंशी गुण गेले. खरे तर सगळेच जायचे होते. कारण स्पर्धेनंतर सर्वांच्या नोंदी एकत्र करून ताडून पाहतात. त्याने काय पाठवले आणि आपण काय लिहिले यात एक अक्षर जरी वेगळे निघाले, तरी त्या संपर्काचे गुण कापतात. प्रयोगवहीत निरीक्षणे मागाहून ‘जुळवणाऱ्या’ माझ्या काही विद्यार्थ्यांची मला त्या वेळी आठवण झाली. नावे सांगत नाही.

मध्यरात्रीनंतर गर्दी ओसरली. चिवडा दोन वाजता संपला. (जर्मन मंडळींना त्यातली मिरची शोधून बाजूला काढायची असते हे ठाऊक नव्हते.) वारा पडला, आकाश निरभ्र होते, खाली दरीत धुके साचू लागले. ते पाहून म्हातारे हॅम खुशीत आले.

धुक्याचा आणि रेडिओचा काय संबंध? सहसा वर जावे तशी हवा गार होत जाते. पण शांत, निरभ्र रात्री जमीन उष्णता बाहेर टाकून झपाट्याने निवते आणि लगतची हवा गार, दमट होते, तर तिच्यावरची हवा मात्र उबदार राहते. थर उलटे झाले. गार, दमट हवेचा वक्रीभवनांक जास्त आणि वरच्या उबदार, कोरड्या हवेचा कमी. फरक मोठा असला, की आडवी निघालेली लहर एवढी वाकते की पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळतच जाते. जणू तिला एक नळी मिळते. तिच्यातून ती शेकडो किलोमीटर फारशी न विखुरता वाहत जाते.

समुद्रावर अशा नळ्या आणखी लांब बनतात. १९५७ साली कॅलिफोर्नियातले जॉन चेम्बर्स आणि हवाई बेटांवरचे राल्फ थॉमस हे दोन हौशी याच १४४ मेगाहर्ट्झवर एकमेकांशी बोलले. अंतर होते सुमारे ४००० किलोमीटर! आणि हे नवल आपल्या दारातही घडले आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईला २०० मेगाहर्ट्झवर चालणारे एक रडार होते. पावसाळ्यापूर्वीच्या उष्ण दिवसांत त्याच्या पडद्यावर चक्क अरबस्तानच्या भूभागाचे प्रतिध्वनी उमटले, दीड हजार किलोमीटर आणि त्याहूनही दुरून. वाळवंटाची कोरडी, तापलेली हवा अरबी समुद्रावरच्या दमट हवेवर येऊन पसरली, की नळी तयार. कोकणपट्टीत जुने दूरदर्शन संच असलेल्या घरांतून चौकशी करा. काही दिवशी पडद्यावर परमुलखाची चित्रे यायची, असे सांगणारे कोणीतरी नक्की भेटेल.

याचा पडताळा तुम्हालाही घेता येईल, आणि त्याला परवाना लागत नाही. तुमच्या घरातल्या एफ.एम. रेडिओचा पट्टा, ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ, हासुद्धा व्ही.एच.एफ.च आहे. दांडीचे एरियल असलेला छोटा संच घ्या. घरी दुपारी सबंध पट्टा फिरवून कोणती केंद्रे, कोणत्या आकड्यावर, किती स्पष्ट ऐकू येतात ते वहीत लिहा. मग हिवाळ्यातल्या एखाद्या धुक्याच्या पहाटे तेच करा. मग एखाद्या गडावर जाल तेव्हा तिथे करा. तारीख, वेळ, जागा आणि हवा कशी होती, हे विसरू नका. नवे केंद्र सापडले तर ते आपले नाव सांगेपर्यंत थांबा, अंदाजाने लिहू नका. महिनाभराच्या नोंदी झाल्या की त्या नकाशावर मांडून पाहा.

आता परत टेकडीवर येऊ. पहाटे धुक्याने दरी काठोकाठ भरली होती आणि आम्ही बेटावर बसल्यासारखे दिसत होतो. एरियल पश्चिमेला होते. अचानक एक फ्रेंच संकेतनाम स्वच्छ ऐकू आले. पत्ता आला, ‘आय एन’ आणि पुढे ७ ८. ब्रिटनी! फ्रान्सचे पश्चिम टोक, पलीकडे थेट अटलांटिक. पडद्यावर अंतर आले, ११३० किलोमीटर. या वेळी मी आधी तबकडी पाहिली. दिशा जुळत होती. तंबूत झोपलेले दोघे उठून बसले.

त्याचा शेरा आला, क्रमांक आला. आम्ही आमचा शेरा, क्रमांक ३१८ आणि पत्ता दिला. आता त्याने ‘मिळाले’ एवढे म्हणायचे होते. एकच शब्द.

खरखर.

आम्ही पुन्हा पाठवले. एकदा त्याचा आवाज तळातून वर आल्यासारखा झाला, पण शब्द लागेना. पुन्हा पाठवले. दहा मिनिटे गेली. पूर्वेला उजाडले, धुक्याच्या वरच्या कडेवर ऊन पडले आणि ती कड विरू लागली. जमीन तापू लागली की नळी मोडते, हे मी वर्गात किती वेळा फळ्यावर काढले असेल!

“त्याला मिळाले असेल,” मी म्हणालो. “नक्की मिळाले असेल. आपला प्रक्षेपक त्याच्यापेक्षा जोरदार असणार.”

“असेल,” बोलणारा म्हणाला. “पण त्याने सांगितलेले आपण ऐकले नाही.” त्याने हात पुढे करून कळ दाबली आणि ओळ पडद्यावरून गेली.

पुढच्याच मिनिटाला एकाने मोठ्या आवाजात हाक दिली. शेजारच्या गावातला हॅम होता. रात्रभर मस्त झोपून, न्याहारी करून आता खेळायला बसला होता. ३१८ हा क्रमांक आम्ही त्याला दिला. अंतर तीस किलोमीटर. मी नोंद केली, तीस गुण.